तुंगाअत्या आणि मंदावलेली आर्द्रा

आमच्या गच्चीवर एक बाई हेल्मेट घालून तारे बघते, हे मी लग्नानंतर माहेरी पहिल्याच पत्रात लिहिलं. सोलापूरहून वडिलांचं उलट टपाली उत्तर आलं : स्थळाची चौकशी आपण नीट केली होती ना?

चौकशी नीट झाली होती. मुलगा चांगला, नोकरी सरकारी, घर तंजावूरचं, पण घरात बोलतात मराठी. फक्त ह्यांच्या तुंगाअत्येबद्दल विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं.

हेल्मेट माझ्या सासऱ्यांचं, स्कूटरवर घालायचं. शेजाऱ्यांचा माड आमच्या गच्चीवर थोडा कललेला आहे. गेल्या पंचवीस वर्षांत त्याचा एकच नारळ पडला, तोही पलीकडे, त्यांच्याच अंगणात. पण अत्येचं म्हणणं असं की नारळाला काही सांगून पडायची सवय नाही. हेल्मेट घालून मान वर केली की ते मागे घसरतं, म्हणून ती गच्चीवर सुतळीची खाट टाकून उताणी निजते, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळते आणि आभाळ बघते. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं. नवीन आलेला दूधवाला मात्र एकदा खाली हाका मारून कोणी ओ देईना म्हणून वर गेला, आणि दूध जिन्यातच ठेवून निघून गेला.

तुंगाअत्या माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवलं, तमिळमधून. घरी बोलते ती तंजावूरची मराठी, तिच्या पणजीची. ती ‘करत्यें’, ‘जात्यें’ म्हणते, ‘झालं’ला ‘जालं’ म्हणते आणि वाक्याच्या शेवटी तमिळ ‘मा’ लावते. मी आले तेव्हा मला निम्मं कळत नसे. तिला माझी सोलापुरी मराठी कळायची, पण ती ऐकताना कोणीतरी भांडतंय असं वाटतं, असं तिनं मला प्रेमानं सांगितलं होतं.

काळजी करण्याच्या कामात मी तिच्या तोडीचं माणूस पाहिलेलं नाही. गॅसची शेगडी बंद केली की नाही हे ती तीनदा बघते, आणि तिसऱ्यांदा बघताना चुकून चालू तर नाही ना झाली म्हणून चौथ्यांदा. बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसते, म्हणजे रस्त्यावर दोघांचं लक्ष राहतं. माझी मुलगी मधुरा पहिलीत गेली तेव्हा अत्येनं तिच्या दप्तरात, डब्यात आणि दोन्ही मोज्यांत पत्ता लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. शाळा आमच्या घरासमोर होती.

आणि एवढं करून तिला कोणी म्हटलं की अत्या, किती काळजी करता, तर तिचं उत्तर ठरलेलं. “मी काळजी करत नाहीं, मा. पाहून ठेवत्यें.”

गच्चीवरही ती पाहूनच ठेवत असे, पण सगळे तारे नाहीत. एकच. आर्द्रा.

मृग नक्षत्राच्या चार पायांपैकी एक पाय तांबूस आहे, ती आर्द्रा. तमिळ लोक तिला तिरुवादिरै म्हणतात. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषात, तिच्या दिवशी नटराजाचं दर्शन असतं आणि घरोघरी कळी होते : तांदूळ भाजून, भरडून, गूळ घालून केलेला मऊ सांजा, आणि बरोबर सात भाज्यांचं कूटु. आमच्या सोलापूरकडे आर्द्रा म्हणजे पावसाचं नक्षत्र, लागली की पेरण्यांचं बोलायचं. ती आभाळात दिसते हे मला अत्येनं दाखवेपर्यंत माहीत नव्हतं.

ती फार छान सांगायची. शाळेतल्या बाईंसारखी सुरुवात करायची आणि मध्येच देवळातल्या पुराणिकासारखी व्हायची. हा तारा केवढा? आपल्या सूर्याच्या जागी आणून ठेवला तर पृथ्वी त्याच्या पोटात, मंगळही पोटात. म्हातारा झालाय, सुजलाय, लाल पडलाय. त्याचा आज दिसणारा उजेड तिथून निघाला तेव्हा आपले लोक मराठी मुलुखातून तंजावूरला आलेही नव्हते. मग आवाज खाली आणून सांगायची की ही रुद्राची चांदणी. प्रजापती हरणाचं रूप घेऊन आपल्याच लेकीच्या, रोहिणीच्या मागे लागला, तेव्हा देवांनी रुद्राला बाण मारायला लावला. तो बघ हरणाच्या पोटात बाण, तीन चांदण्यांचा. आणि रुद्र म्हणजे कोण? जन्मला तेव्हा रडत होता. कां रडतोस विचारलं तर म्हणाला, मला अजून कोणी नाव दिलं नाही. म्हणून आर्द्रा म्हणजे ओली. रडून ओली.

एका वहीत ती आर्द्रेचा उजेड लिहून ठेवायची. शेजारच्या रोहिणीशी तुलना करायची : आज रोहिणीपेक्षा दोन पायऱ्या वर, आज एक पायरी वर. हा तारा थोडा कमीजास्त होतच असतो, असं ती म्हणायची. अशा वह्यांचा ढीग होता. मी समजत होते, निवृत्त शिक्षिकेला काहीतरी तपासायला लागतंच.

मधुरा चोवीस वर्षांची झाली त्या वर्षी, मार्गळीत, अत्या एका संध्याकाळी जिन्यावरून खाली आली ती हेल्मेटसकट. म्हणाली, “रोहिणीच्या खालीं गेली.”

मला फक्त ‘गेली’ ऐकू आलं, वाटलं कोणी शेजारीण वारली.

दुसऱ्या दिवशी ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोतीबिंदूची सुरुवात आहे, अजून घाई नाही. अत्येनं त्यांना समजावलं की मोतीबिंदू असेल तर रोहिणीही मंद दिसायला हवी, मोतीबिंदू काही एकाच ताऱ्याला धरून होत नाही. डॉक्टरांनी काय उत्तर दिलं ते तिनं सांगितलं नाही, पण त्या डॉक्टरांकडे ती पुन्हा गेली नाही. मग तिनं आम्हा सगळ्यांचे डोळे कामाला लावले. ह्यांना गच्चीवर नेलं, मला नेलं, कामाला येणाऱ्या सेल्वीला नेलं. सगळ्यांनी सांगितलं की हो, मंद आहे. सेल्वीनं तर सांगितलं की तिला ती दिसतच नाही, पण ती भलतीकडे बघत होती.

आठवड्याभरात पेपरात आलं. जगभरातले शास्त्रज्ञ तेच बघत होते. हा तारा एक दिवस फुटणार हे ठरलेलं आहे, आणि फुटला तर दिवसासुद्धा दिसेल, असं त्यात लिहिलं होतं. कधी फुटेल? उद्या, किंवा लाख वर्षांनी.

दुसरं कोणी असतं तर लाख वर्षं ऐकून सुटकेचा श्वास टाकला असता. अत्येनं ‘उद्या’च्या खाली रेघ मारली. जेवण कमी झालं. गॅसची शेगडी चारदा बघायची ती दोनदाच बघू लागली, आणि ह्यांनी मला हळूच सांगितलं की हे लक्षण बरं नाही.

इथपर्यंत आम्ही हसत होतो. पुढचं हसण्यासारखं नव्हतं.

मधुरा तिरुच्चीला एका बँकेत होती. तिथंच तिची आणि राघवची ओळख झाली. तंजावूरजवळच्या पापनाशमची आपलीच मराठी माणसं, आई आणि मुलगा, दोघंच. वडील दोन वर्षांपूर्वी अचानक गेलेले. मुलगा चांगला, मधुरा त्याच्याबद्दल बोलताना टेबलावरचं मीठ उगाच इकडचं तिकडे करायची. दोन्ही घरांचं जमलं होतं. आणि थै महिन्याच्या शेवटी, फेब्रुवारीत, राघवच्या आईचा, सुशीलाबाईंचा, ह्यांना फोन आला की तूर्त थांबू या. पुढच्या वर्षी बघू.

कारण विचारलं तर त्यांनी आधी तब्येतीचं सांगितलं, मग घर रंगवायचं सांगितलं, मग खरं सांगितलं. मधुराचं जन्मनक्षत्र तिरुवादिरै. आणि त्यांच्या फोनवर कोणीतरी पाठवलं होतं की तिरुवादिरै विझत चालली आहे, या वर्षी त्या नक्षत्राची मुलगी घरात आणू नये, पुरुषमाणसाला धोका असतो.

सुट्टीला घरी आलेली मधुरा ऐकून हसली. मग खोलीत जाऊन दार लावून बसली. राघवनं आईशी बोलणं टाकलं, म्हणजे तिकडेही रडारड. मला झोप लागेना. मनात एकच, की आज हे थांबले तर उद्या दुसरे थांबतील, आणि मुलीच्या नावाला हे चिकटून राहील. मी ह्यांना बजावलं की अत्येला यातलं अक्षर कळता कामा नये. तिला अजून एक घोर नको.

आमच्या घरात गुप्त काही राहत नाही, कारण सेल्वीला सगळं कळतं.

अत्या माझ्याकडे आली तेव्हा मी डाळ निवडत होते. ती बसली नाही. मी खुलासा करायला तोंड उघडलं तर म्हणाली, “उद्यां पापनाशमला जायचं. तूं आणि मी. मोठी बॅटरी कुठें आहे?”

आम्ही दुपारच्या बसनं निघालो. ती ड्रायव्हरच्या मागे बसली, मांडीवर पिशवी घट्ट धरून. दोन्ही बाजूंना भाताची शेतं, कालवे, माडांच्या रांगा, आणि मला कशाचंच भान नाही. ही बाई तिथं जाऊन भांडेल, उरलंसुरलं मोडेल, हीच धास्ती. एका वळणावर तिनं ड्रायव्हरला सांगितलं की पुढे म्हैस आहे. ड्रायव्हरनं शांतपणे सांगितलं की त्याला दिसली आहे.

सुशीलाबाईंनी दार उघडलं. रडून डोळे सुजलेले. आम्हाला बसवलं, कॉफी दिली. दिवेलागण झाली, त्यांनी देवाजवळ दिवा लावला आणि सांब्राणी, म्हणजे आपला ऊद, निखाऱ्यावर टाकून घरभर फिरवायला घेतला. अत्या जणू त्याचीच वाट बघत होती.

तिनं मला बॅटरी देऊन पडवीच्या टोकाला उभं केलं. सुशीलाबाईंना आपल्याजवळ बसवलं. उदाचं भांडं मध्ये ठेवलं आणि त्यात मूठभर सांब्राणी आणखी टाकली. धुराचा लोट उठला. पलीकडून तिचा वर्गातला आवाज आला. दिवा कसा दिसतो? सुशीलाबाई म्हणाल्या, मंद. लालसर. मग सेल संपला कां? त्या म्हणाल्या, नाही, धूर आहे. अत्येनं पंखा लावायला सांगितला. धूर माझ्या अंगावर आला, मला ठसका लागला, बॅटरी हातात नाचू लागली, पण उजेड पुन्हा लख्ख झाला असणार, कारण अत्या समाधानानं म्हणाली की तसंच. म्हाताऱ्या ताऱ्याला खोकला येतो, तो धूळ बाहेर टाकतो, ती धूळ मध्ये येते.

सुशीलाबाई विचारात पडल्या. मग त्यांनी फार नम्रपणे विचारलं, धूळच आहे हे नक्की का?

मी डोळे पुशीत मनातल्या मनात सांगत होते, हो म्हणा, अत्या. एवढा एक शब्द म्हणा.

अत्या म्हणाली की नक्की नाही. धूळ असेल असं काही शास्त्रज्ञ म्हणतात आणि तिलाही तसं वाटतं. पण फुटेलही. उद्यासुद्धा फुटेल.

चौतीस वर्षं जिनं मुलींना खोटं उत्तर दिलं नाही, ती आता काय देणार. सुशीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या म्हणाल्या की माझं तिरुवादिरैशी वैर नाही, तुमची पोर मला आवडते. पण हे गेले तेव्हा सकाळी चांगले होते, चेष्टा करत होते, आणि दहा वाजता नव्हते. तेव्हापासून राघवला घरी यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी मी फाटकाशी जाऊन उभी राहते. मला कशाचीही भीती वाटते. तुम्हाला नाही कळायचं.

अत्येनं पुढे होऊन पंखा बंद केला. अंधार पडत होता आणि तिच्या आवाजातली शिक्षिका कुठंतरी निघून गेली होती.

“मला कळतं, बाई. माझंही तिरुवादिरैच,” ती म्हणाली. “तेवीस वर्षांची होतें. ओरत्तनाडूची मंडळी पाहून गेली, सगळं ठरलं. मग कोणी तरी नक्षत्र काढलं. ही रुद्राची, ओली, जाईल तिथें रडवील म्हणून. आठ दिवसांत निरोप आला. माझा बाप त्यानंतर दुसरीकडे विचारायला गेलाच नाहीं.”

सुशीलाबाईंनी तोंडावरचा पदर काढला.

“मी त्या संध्याकाळीं गच्चीवर जाऊन पाहिली. म्हटलं, पाहूं तरी कोण ही. तेव्हां ती मंद नव्हती, बाई. लख्ख होती. इतकी लख्ख मग पुढें कधीं दिसली नाहीं. तरी ते लोक आले नाहींत.”

पंचवीस वर्षं मी त्या बाईच्या हाताखाली स्वयंपाक केला, तिच्या हेल्मेटवर हसले, आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं. मी बॅटरी हातात धरून तशीच उभी होते, ती बंद करायचंही सुचलं नाही.

सुशीलाबाईंनीच विचारलं, कुठे आहे ती? मग त्या दोघी अंगणात गेल्या. डोक्यावर मृग आला होता. अत्येनं बोट दाखवलं आणि सुशीलाबाई मान वर करून बघत राहिल्या. त्यांना वाटलं होतं काहीतरी भयंकर असेल. म्हणाल्या, एवढीशीच आहे हो. निघताना त्यांनी आम्हाला काहीच वचन दिलं नाही, पण बसमध्ये खायला म्हणून केळीच्या पानात बांधून लिंबूभात दिला, आणि अत्येला विचारलं की बस कोणाच्या ओळखीची आहे ना, ड्रायव्हर जोरात चालवत नाही ना. अत्या म्हणाली, मी पुढे बसते.

परत येताना मी तिला विचारलं की इतकं झाल्यावर त्या ताऱ्याचा राग नाही आला? तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणाली, पहिली दहा वर्षं आला. मार्गळीत वर बघत नसे. मग सहावीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं, टीचर, तिरुवादिरै कोणती? दाखवावी लागली. दाखवताना वाटलं, हिला बिचारीला काय माहीत, खाली लोक हिच्या नावानं काय काय करतात. रोहिणीची सगळे स्तुती करतात. हिची विचारपूस करणारं कोणी तरी हवं.

पाचव्या दिवशी सुशीलाबाईंचा फोन आला. घर रंगवून झालं होतं.

लग्न मे महिन्याच्या अखेरीला, वैकासीत झालं, पापनाशमलाच, त्यांच्या घरच्या पडवीत. त्या वर्षीचे दिवस सगळ्यांना आठवत असतील. घराबाहेर पडायचीच मनाई, परवाने काढून आम्ही मोजकी माणसं गेलो, सगळ्यांच्या तोंडाला फडकी. अत्येसारखी काळजी आता साऱ्या जगाला लागली होती आणि त्यामुळे ती जरा निवांत दिसत होती. मुलीला ओवाळायची वेळ आली तेव्हा ती सवयीनं मागे भिंतीला टेकून उभी राहिली. बिनलग्नाच्या बाईनं पुढे व्हायचं नसतं, हे तिला कोणी सांगायची गरज उरली नव्हती. सुशीलाबाई तबक घेऊन सरळ तिच्याकडे गेल्या. अत्या नको नको म्हणत राहिली. त्यांनी तबक तिच्या हातात दिलं आणि कोपराला धरून पुढे आणलं. मधुराला ओवाळताना तबक एका बाजूला कललं, मी निरांजनाखाली हात धरला, ज्योत साडीला लागू नये म्हणून.

आर्द्रा तोवर सावरली होती. चैत्रातच अत्येनं रोहिणीपेक्षा वर लिहिलं होतं. शास्त्रज्ञही पुढे म्हणाले की बहुतेक धूळच होती. पण लग्नानंतर थोड्याच दिवसांत सूर्य तिच्या जवळ सरकला आणि ती दिसेनाशी झाली. दरवर्षी होते. सूर्य तिच्यावरून पुढे जाईपर्यंत जवळजवळ दोन महिने आभाळात तिचा पत्ता नसतो. तिकडे सोलापूरला पाऊस पडला, आर्द्रा लागली, म्हणून माझा भाऊ फोनवर सांगत होता, आणि मी बोलता बोलता थांबले. इतक्या वर्षांत माझ्या मनात कधी आलं नव्हतं, की या दोन महिन्यांत अत्या काय करते?

फोन ठेवून मी वर गेले. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती, हात मांडीवर, समोर काही नाही. मी शेजारी बसले. विचारलं, तर म्हणाली, काय करणार, बसते. दिवस मोठे असतात. मधुरा लहान होती तेव्हा ती या वेळेला गृहपाठ घेऊन यायची, तेव्हा बरं जायचं.

तेवढ्यात तिच्या कमरेचा फोन वाजला. पापनाशमहून. तिनं नंबर बघितला, पदर सारखा केला, आणि मला उठू नकोस अशी खूण केली. राघव-मधुरा दुकानात गेली होती, तासभर झाला, अजून आली नव्हती. सुशीलाबाईंचा आवाज मलाही ऐकू येत होता. हा फोन रोजचा होता हे मला त्या दिवशी कळलं.

अत्येनं सगळं ऐकून घेतलं. दुकान कुठलं, रांग किती, गाडीत पेट्रोल आहे का, सगळं विचारलं. मग पाय पसरून भिंतीला टेकली.

“येतील हो, बाई,” ती म्हणाली. “येईपर्यंत मी आहें फोनवर. तुम्ही फाटकाशीं उभ्या आहांत कां? आधीं खुर्ची घेऊन या.”